पट्टा, विटा, बंदूक, गोफण: चौघांच्या गेमच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार. दांडिया बाजार, वडोदरा

गेमचा सांगाडा उभा आहे. पडकी गढी, अमावास्येची रात्र, वेताळाची पालखी निघालेली आणि चौघांनी पहाटेपर्यंत तट राखायचा: पटाईत (पट्टा फिरवणारा), विटेकरी (विटा, म्हणजे मनगटाला दोरीने बांधलेला भाला, फेकणारा), बरकंदाज (बंदूकवाला), गोफणवाला. एका राउटरवर चार लॅपटॉप जोडले की डाव सुरू होतो आणि मध्येच तुटत नाही, एवढं जमलंय. इंजिन गोडो ४. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर निमूटपणे चालतं.

आजपासून हत्यारांचा साज आणि त्यांची बढती. कोड माझ्याकडे. चित्रं मावसबहिणीकडे, ती एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे तिला वेळ नाही हे धरूनच चालायचं. चाचणीला धाकटा भाऊ, त्याचे दोन गुजराती मित्र आणि काका. काकांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, पण तरुणपणी आखाड्यात लाठी, बोथाटी, पट्टा सगळं केलंय, आणि आपल्या हत्यारांचं संगणकावर काय चाललंय ते त्यांना बघायचंय.

एक अट आजच लिहून ठेवतो, कारण पुढे मोह होणार. भाऊ रोज रात्री खेळेल, काका आठवड्यातून एकदा. दिवाळीलाही दोघं एकाच डावात शोभले पाहिजेत. हे जमत नसेल तर बढती काढून टाकायची, गेम तसाच ठेवायचा.

१२ जुलै, शनिवार

इतर गेमवाल्यांनी काय केलंय त्याची उजळणी.

लेफ्ट ४ डेड (२००८) मध्ये कायमची बढती नाहीच. वाटेत चांगली बंदूक सापडते, मोहीम संपली की सगळे पुन्हा रिकाम्या हातांनी. चौघं कायम सारखे. आमच्या अटीत हा आपोआप बसतो, पण भावाच्या वयाच्या पोरांना रात्रीच्या मेहनतीचं काहीतरी हातात लागतं.

बॉर्डरलँड्स (२००९) दुसऱ्या टोकाला. नळी, दस्ता, दुर्बीण असे सुटे भाग जोडून गेम स्वतःच बंदुका घडवतो, आणि वर रंगांची उतरंड: पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, केशरी. बघायला मजा येते. पण जांभळी हाती आली की निळीकडे कोण बघतो? निवड अशी उरतच नाही, नुसतं वर चढत राहायचं.

मॉन्स्टर हंटर (पहिला २००४ चा) मधली एक गोष्ट मला फार आवडते: शिकाऱ्याची स्वतःची ताकद वाढत नाही. मारलेल्या जनावराची कातडी, नखं, शिंगं आणायची आणि लोहाराकडून पुढचं हत्यार करून घ्यायचं. जे काही वाढतं ते हत्यारात आणि चिलखतात. त्याच्याच २०१८ च्या 'वर्ल्ड' या भागात हत्यारांचे १४ प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल इतकी निराळी, की हत्यार बदललं म्हणजे खेळच बदलला.

डीप रॉक गॅलेक्टिक (कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा, पूर्ण आवृत्ती २०२०) आमच्या सगळ्यात जवळचा. प्रत्येक हत्याराला सुधारणांच्या ओळी, एका ओळीतली एकच निवडायची. एकदा विकत घेतलं की अदलाबदल फुकट. त्यावर ओव्हरक्लॉक नावाचे जादा बदल, तीन जातींचे: बिनतोट्याचे, थोडं घेऊन थोडं देणारे, आणि हत्याराची तऱ्हाच उलटीपालटी करणारे. तिसऱ्या जातीवर लोक तासन्‌तास वाद घालतात, आणि वाद होतो म्हणजे तिथे खरी निवड आहे.

ठरलं: लोहार मॉन्स्टर हंटरसारखा, निवड डीप रॉकसारखी, रंगांची उतरंड अजिबात नको. प्रत्येक हत्याराला चार जागा, प्रत्येक जागेला तीन पर्याय. बंदुकीला नळी, जामगी (दारू पेटवायची वात), दारू, दस्ता. विट्याला फाळ, काठी, दोरी, मनगटपट्टा. बाकी दोन बहिणीशी बोलून.

२० जुलै, रविवार

पहिली सुधारणा जोडली: "कसदार दारू, मार +१०%". आणि लगेच गंमत झाली.

मुंजाची ताकद १००, गोळीचा मार ४५. म्हणजे तीन गोळ्या. दहा टक्के वाढवले की ४९.५. दोन गोळ्यांचे ९९. मुंजा एका अंकावर उभा आणि बरकंदाज त्याच्या समोर जामगी फुंकतोय. भाऊ म्हणाला, "दादा, माझे दहा टक्के कुठे गेले?"

हिशोब असा. लागणारे वार म्हणजे ताकद भागिले मार, आणि उत्तर वरच्या पूर्णांकाला न्यायचं. १०० ला ४५ ने भागलं तर २.२२, म्हणजे ३. तीनाचे दोन व्हायला मार ५० हवा. ४६ पासून ४९ पर्यंत सगळी वाढ पाण्यात, आणि ५० च्या पुढे ९९ पर्यंतही पाण्यात, कारण एका गोळीत मारायला थेट १०० लागतात. मार सरळ रेषेत वाढतो, पण खेळणाऱ्याला तो उंबरठ्यांवरच जाणवतो. टक्केवारी हे सगळं झाकून ठेवते.

पुढे आणखी एक. चार जण असले की शत्रूची ताकद ३०% वाढवायची, असं आमच्या कोडमध्ये होतं. बऱ्याच गेममध्ये असतंच. मग मुंजा १३० चा. ४५ ने भागलं तरी ३, ५० ने भागलं तरी ३. एकट्याने खेळताना जीव वाचवणारी दारू, चौघांत खेळताना निव्वळ ओझं. सहकाराच्या गेममध्ये चौघं आल्यावर सुधारणा निकामी व्हावी, हे उलटंच झालं.

निर्णय तीन. मुंजा, हडळ, चकवा यांची ताकद खेळाडूंच्या संख्येवर हलणार नाही. हलेल ती त्यांची संख्या. ताकद वाढेल फक्त खवीस आणि वेताळाची. सगळे आकडे पूर्णांकात, दशांश बंद. आणि सुधारणेच्या कार्डावर टक्के लिहायचे नाहीत. लिहायचं ते असं: "मुंजा: ३ ऐवजी २ गोळ्या".

२६ जुलै, शनिवार

बहीण लक्ष्मी विलास पॅलेसचं शस्त्रागार बघून आली, वही भरून रेखाटनं. मुठींचेच इतके प्रकार काढलेत की पट्ट्याच्या चार जागा ठरवायला तिला मिनिटं लागली: पातं, मूठ, धार, आतली गादी.

संध्याकाळी काकांना बसवलं. "वेगवान मूठ: वार १५% जलद" हे जुनं कार्ड त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि हसले. मग उठून उभे राहिले, उजवा हात पुढे. पट्ट्याची मूठ हातावर चढते, मनगट आत बंद होतं. तलवारीसारखं मनगट वळवून कापता येतच नाही. वार निघतो खांद्यातून आणि कमरेतून, आणि एकदा निघालेला वार थांबवायचा नसतो, फिरवून पुढच्या वारात न्यायचा असतो. "मुठीने वेग वाढत नाही रे, पायांनी वाढतो," म्हणाले. आणि बसता बसता: "पट्टा फिरत असताना जवळ आपला माणूस उभा करत नाहीत. हे आहे का तुझ्या गेममध्ये?"

नव्हतं. आता आहे. वडोदऱ्यात जुम्मादादांचा आखाडा आणि तिथले गुरू राजरत्न प्रा. माणिकराव यांचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला पट्ट्याबद्दल विचारायला आम्ही तीन आठवडे का थांबलो, असं बहिणीचं म्हणणं.

पट्ट्याच्या पात्याचे पर्याय नव्याने लिहिले. लांब पातं: घेर मोठा, एका फेरीत चार मुंजे, पण घेरात सोबती आला तर त्यालाही लागतं. आखूड पातं: घेर लहान, सोबती खांद्याला खांदा लावून उभा राहू शकतो. मधलं पातं: दोन्हीच्या मध्ये, नवख्यासाठी. तिघांचा मार सारखाच, ३४. हेलडायव्हर्स २ (२०२४) मध्ये आपल्याच माणसाला गोळी लागणं कधीच बंद करता येत नाही, आणि त्यामुळे तिथे कोणतं हत्यार घ्यायचं हा प्रश्न आपोआप "कुणाबरोबर जायचंय" असा होतो. आम्हाला तेच हवंय.

३ ऑगस्ट, रविवार

बेरीज की गुणाकार? कंटाळवाणं वाटतं, पण अख्ख्या गेमचा तोल यावर.

वॉरफ्रेमचं (२०१३) उदाहरण समोर ठेवलं. तिथे हत्यारात मॉड, म्हणजे सुधारणेचे तुकडे, बसवायचे. सेरेशन पूर्ण वाढवला की मार +१६५%. स्प्लिट चेंबर पूर्ण वाढवला की +९०% जास्तीच्या गोळ्या. एकाच जातीच्या वाढी आपसात मिळवल्या जातात, पण वेगवेगळ्या जातींचा गुणाकार होतो: २.६५ गुणिले १.९, म्हणजे पाचपटीहून थोडं जास्त. त्यावर ९०% चा एक अग्नीचा किंवा विजेचा मॉड, पुन्हा १.९ ने गुणा, साडेनऊपट. अशा हत्यारात मॉडच्या जागा आठ असल्या तरी काही जागा आधीच भरलेल्या असतात, कारण ते मॉड न लावणं परवडतच नाही. जुन्या आणि नव्या खेळाडूत दहापट फरक पडला, तर नव्याने मागून चालायचं आणि पडलेला माल गोळा करायचा. वॉरफ्रेम मी स्वतः खूप खेळलोय आणि आवडीने खेळलोय, पण त्याची मजा एकट्याच्या प्रयोगशाळेची आहे.

आमच्या जुन्या आराखड्यातही दहा पायऱ्या होत्या, प्रत्येकी ८%, गुणाकाराने. १.०८ चा दहावा घात २.१६. भाऊ काकांच्या दुपटीहून वर. काढून टाकलं. आता माराला हात लावणारी जागा प्रत्येक हत्यारात एकच. बाकीच्या तीन जागा घेर, वेळ, आवाज, चाल, पाऊस असल्या गोष्टी बदलतात.

वार चुकवण्यासाठी रिस्क ऑफ रेन २ चं सूत्र उसनं घेतलं. तिथे एक खेळण्यातलं अस्वल मिळतं, प्रत्येक अस्वलामागे १५%, पण नुसती बेरीज करत नाहीत: एक वजा, एक भागिले (एक अधिक ०.१५ गुणिले अस्वलं). एकाला १३%, पाचांना ४३%, दहांना ६०%. कितीही गोळा करा, शंभर कधी होत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. बहीण आली, ओवाळणी घेतली, बदल्यात कार्डांची चित्रं देऊन गेली. जामगीचं चित्र इतकं चांगलं जमलंय की तेच गेमचं चिन्ह करावं का, असा विचार चाललाय.

१७ ऑगस्ट, रविवार

या महिन्यातलं खरं काम आज झालं.

आत्तापर्यंत उंबरठे एकट्याचे मोजत होतो. आज चौघांचे मांडले. पट्टा ३४, विटा ५५, बंदूक ४५, गोफण २०. मुंजा १००. एकेकट्याने: पट्टा तीन वार, विटा दोन, बंदूक तीन, गोफण पाच. आता जोड्या. विटा आणि बंदूक: ५५ अधिक ४५, बरोब्बर १००. एक फेक, एक गोळी, मुंजा गेला. पट्टा, बंदूक, गोफण: ३४, ४५, २०. नव्व्याण्णव! तिघांनी एकाच मुंजावर नेम धरायचा आणि तो एका अंकावर हसत उभा. गोफण २१ केली. तिघांचे १०० झाले.

मग जड दगडाचं कार्ड घेतलं, २१ चे २३. एकट्या गोफणवाल्याला याचा कवडीचा उपयोग नाही: २१ ने पाच दगड लागतात, २३ नेही पाचच. पण विटेकरी सोबत असेल तर? विटा ५५, दोन दगड २१ चे, मिळून ९७, मुंजा उभा. दोन दगड २३ चे, मिळून १०१, मुंजा आडवा. म्हणजे हे कार्ड सोबतीतच जिवंत होतं.

उलट कसदार दारू (आता +५, म्हणजे गोळी ५०) घ्या. बरकंदाज एकटा दोन गोळ्यांत मुंजा मारतो. पण सोबतीत काय बदललं? विट्याबरोबर आधीही एकच गोळी लागायची, आताही एकच. गोफणीच्या एका दगडानंतर ७९ उरतात, आधीही दोन गोळ्या, आताही दोन. ही दारू बरकंदाजाला इतरांची गरज कमी करून देते, आणि बाकी काही देत नाही.

तर सुधारणांच्या दोन जाती आहेत. एक माणसाला एकटं राहायला शिकवते, दुसरी सोबत्याशी बांधते. बऱ्याच गेममध्ये पहिल्या जातीचा ढीग असतो आणि वर लिहिलेलं असतं "चौघांसाठी". आम्ही पहिली जात ठेवणार, कारण सोबती पडला की एकट्याने तग धरावा लागतोच, पण ती महाग आणि तोट्यासकट. दुसरी स्वस्त.

कार्डाची ओळही बदलली. कार्ड आता डावात कोण आहे ते बघून बोलतं. विटेकरी असेल तर जड दगडाखाली दिसतं: "विटेकऱ्याबरोबर: १ फेक + २ दगड". नसेल तर ओळ करड्या रंगात. हे कोडमध्ये बसवायला सोपं गेलं, कारण प्रत्येक सुधारणा गोडोत स्वतंत्र रिसोर्स फाइल आहे आणि कार्ड नुसतं चौघांचे आकडे उचलून हिशोब करतं.

भावाच्या मित्राने लगेच विटेकऱ्याला हाक मारली, "अल्या, पहेलो तू फेक ने!" कार्ड न वाचताही उंबरठा कळला त्याला.

२४ ऑगस्ट, रविवार

बंदूक भरणं. नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासायचं, रंजक (पेटवण्यापुरती दारू) टाकायची, जामगी फुंकायची. गेममध्ये सहा सेकंद. आज दुसऱ्या खेळाडूला मदतीची मुभा दिली: जवळ उभं राहून बटण दाबून धरलं की अडीच सेकंद.

कल्पना हेलडायव्हर्स २ मधली. तिथली रणगाडे फोडणारी खांद्यावरची तोफ एकट्याने भरायला वेळ लागतो, पण दारूगोळ्याची पिशवी सोबत्याच्या पाठीवर असली तर तो पटापट भरून देतो. एवढी चांगली सोय असूनही अनोळखी लोकांत ती फार कमी वापरली जाते, कारण सोबत्याने स्वतःचं काम सोडून यावं लागतं. म्हणून आमच्याकडे भरून देणाऱ्याला त्या वेळात ढालीआड धरलंय. त्याला वार लागत नाही.

कोण भरू शकतं हे हत्यारांनीच ठरवलं. पटाईताचा हात मुठीत अडकलेला, त्याला जमणार नाही. विटेकऱ्याच्या मनगटाला दोरी आहे. विटा हातात परत आलेला असेल तरच. गोफणवाला गोफण कमरेला गुंडाळतो, त्याचे दोन्ही हात मोकळे.

हिशोब: गोळी ४५ ची, आधी भरलेली एक, मग दोनदा भरणं, सोबत्याच्या हाताने ५ सेकंद. कसदार दारू लावून एकट्याने: एकदाच भरणं, पण जास्त दारू मोजायची म्हणून ७ सेकंद. सोबतीचा हात जिंकतो, पण दोन माणसं अडकतात. इथे भांडण होईल, आणि व्हावंच.

पाऊस: जामगी विझते. "जामगीचं झाकण" हा पर्याय घेतला तर विझत नाही, पण प्रत्येक गोळीआधी उघडायला अर्धा सेकंद. बाहेर आज दिवसभर संततधार, चाचणीला वातावरण अगदी तयार. दोनदा लाइटही गेली.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काम झालं नाही, होणारही नव्हतं. काल विसर्जन, आज भाऊ आवाज बसलेला.

माल कसा मिळणार, हे ठरवायचं होतं. भावाचा आग्रह: खवीस मेला की ५% शक्यतेने दुर्मीळ भाग पडावा. "थरार असतो, दादा." मी कागदावर मांडून दाखवलं. ५% म्हणजे सरासरी वीस खवीसांमागे एक. पण वीस मारूनही हात रिकामा राहण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ३६%. चाळीस मारूनही १३%. एकट्याच्या गेममध्ये हे चालून जातं. चौघांत मात्र प्रत्येकाची सोडत वेगळी, आणि वीस खवीसांनंतर निदान एक जण रिकामा असण्याची शक्यता ८३%. जवळजवळ प्रत्येक टोळीत एक रुसलेला असणारच, तोही समोरच्याच्या हातातलं बघत.

बॉर्डरलँड्समध्ये पूर्वी जो आधी उचलेल त्याचा माल. तिसऱ्या भागात (२०१९) प्रत्येकाला आपापला माल दिसण्याची सोय आली, आणि जुनी झोंबाझोंबीही वेगळा पर्याय म्हणून ठेवली. डीप रॉकमध्ये खनिज कुणीही खणो, ते सगळ्यांच्या खात्यात पूर्ण जमा होतं. वाटणी नाहीच, प्रत्येकाला सगळं. हेच घेतलं. लोखंड, कातडं, दारू: कुणीही उचला, चौघांना तेवढंच मिळणार. भाग लोहाराकडून विकत. सोडत फक्त दिखाऊ गोष्टींना: पगडीचा रंग, गोंडा, मुठीवरची नक्षी. नक्षीला माराचा एक अंकही जोडायचा नाही. पेडे २ ने २०१५ मध्ये बंदुकांच्या रंगांना आकडे जोडले आणि वर ते पैशांनी उघडायला लावले, तेव्हा खेळणारे किती भडकले होते ते आठवतंय.

अजून एक भोक बुजवलं. भाऊ आणि मंडळी पडक्या बुरुजाच्या दाराशी बसून मुंजे मारत राहिली, कारण तिथून ते संपतच नाहीत आणि प्रत्येकामागे थोडं लोखंड. डेस्टिनी आला तेव्हा (सप्टेंबर २०१४) लोक एका गुहेच्या तोंडावर उभे राहून तासन्‌तास असंच करायचे. आता माल मारलेल्या मुंजांवर मिळत नाही. गढी राखलेल्या प्रत्येक प्रहराला मिळतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सर्व्हरचं काम. खेळाडूच्या लॅपटॉपकडून माराचा आकडा घ्यायचाच नाही. तो फक्त सांगतो: माझ्या चार जागांत कोणते पर्याय. तीनचा चौथा घात ८१, सात बिटांत मावतो. चौघांचे मिळून अठ्ठावीस बिट, चार बाइटसुद्धा पूर्ण भरत नाहीत. मालकीची खात्री आणि सगळा हिशोब यजमान लॅपटॉपवर.

चाचणीचा आकडा मात्र अंगावर येतो: ८१ चा चौथा घात, ४ कोटी ३० लाख ४६ हजार ७२१ टोळ्या. सगळ्या खेळून बघायच्या म्हटलं तर पेन्शनीत जाऊ. पण माराची जागा प्रत्येक हत्यारात एकच ठेवली होती, त्याचा आज फायदा झाला. माराच्या दृष्टीने चौघांच्या जोडण्या फक्त तीनचा चौथा घात. पुन्हा ८१, पण हे ८१ एका तक्त्यात बसतात. पडदा न उघडता चालणारी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक जोडणीत मुंजा, हडळ, खवीस किती वारांत पडतो ते छापते. एखाद्या शत्रूवर कुणाबरोबरच काही न बदलणारी कार्डं लाल होतात. चार लाल निघाली, त्यातली दोन उडवली, दोन बहिणीने चित्र आधीच काढलंय म्हणून वाचली. त्यांचे आकडे बदलू.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या घटस्थापना. मग गरबा, मग कुणी सापडणार नाही. म्हणून आज मोठी चाचणी: भावाकडे सगळे भाग, काकांकडे लोहाराने दिलेले पहिले मोजके. सेव-उसळ बाहेरून आणली, कीबोर्डपासून लांब ठेवली.

काकांना पट्टाच हवा होता, दुसरं काय. कंट्रोलर हातात दिला, पहिला प्रहर भिंतीला तोंड करून गेला. दुसऱ्या प्रहरी त्यांनी आपण होऊन लांब पातं टाकून आखूड घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुझा भाऊ सारखा माझ्या अंगाशी येतो. त्याची बंदूक भरून होईपर्यंत मला त्याच्याजवळच थांबायला हवं." दोघं बुरुजाच्या कोपऱ्यात रोवून उभे. तिसऱ्या प्रहरात टोळीतला सगळ्यात उपयोगी माणूस कोण म्हणाल तर काका.

भावाची तक्रार डाव संपल्यावर. "मग मी एवढं रोज खेळून मिळवलं काय? काकांकडे काहीच नाही तरी ते माझ्याइतकेच." तक्रार खोटी नाही. त्याच्याकडे निवड आहे: पावसाच्या रात्री झाकण, विटेकरी नसेल तर कसदार दारू, चौघं जमले तर हलकी नळी आणि धावपळ. काकांकडे फारशी निवड नाही. पण ही निवड दिसत नाही, आणि न दिसणारी कमाई पोरांना कमाई वाटत नाही. यावर काहीतरी करायला हवं. आकडा वाढवून देणार नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. काकांनी लाकडी पट्टा आणि बोथाटी पाटावर मांडली, झेंडू वाहिला. शेजारी माझा लॅपटॉप. बहीण म्हणाली, "कंट्रोलर पण ठेवा, तो खरा चाललाय." ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

भावाच्या तक्रारीवर उपाय: उसनवारी. ज्याच्याकडे भाग आहेत त्याने ते डावापुरते सोबत्याला द्यायचे. आपल्याकडचा भाग कमी होत नाही, पण एका डावात एकच उसना. कार्डावर देणाऱ्याचं नाव येतं, आणि उसन्या भागाने पडलेले मुंजे देणाऱ्याच्या मुठीवर नक्षी म्हणून चढतात. म्हणजे खूप खेळणाऱ्याची मूठ हळूहळू सोनेरी कोफ्तगरीच्या नक्षीने भरत जाते, आणि ती भरते दुसऱ्यांच्या हातून.

कोड लहान आहे. सर्व्हरवर मालकी तपासताना "स्वतःचा किंवा टोळीतल्या कुणीतरी दिलेला" एवढंच वाढलं. भावाने लगेच काकांना लांब नळी देऊ केली. काकांकडे पट्टा आहे, नळी कुठे लावणार? उसनं देण्याच्या यादीत आता समोरच्याच्या हत्याराला बसणारेच भाग दिसतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

गरबा संपून मंडळी परत. उसनवारीसकट दोन डाव. भावाने गोफणवाल्याला जड दगड दिला, विटेकरी शेजारी, दोघांनी मिळून पूर्वेचा तट जवळजवळ एकहाती धरला. डाव संपल्यावर भाऊ स्वतःची मूठ मोठी करून सगळ्यांना दाखवत होता.

राहिलेलं: वेताळाची ताकद चौघांना जास्त पडते, तीन जणांसाठीचाही आकडा पुन्हा काढायचा. दोन लाल कार्डांचे नवे आकडे. कंट्रोलरवर उसनवारीचं बटण भरण्याच्या बटणाशी भांडतंय; गोफणवाल्याने आज बंदूक भरायची सोडून तीनदा बरकंदाजाला नळी देऊ केली. धनत्रयोदशीच्या आधी बिल्ड (गेमची खेळता येईल अशी प्रत) द्यायची, दिवाळीत पुण्याहून आत्येभाऊ येतील, त्यांना एकही भाग न देता थेट शेवटच्या रात्रीच्या डावात बसवायचं आणि काका त्यांना काय उसनं देतात ते बघायचं.